एकट्याची शिडी



गरीब माणसाने वर चढू पाहणे हा कादंबरीला नवा विषय नव्हे. युरोपातील कादंबरी वयात आली तीच या विषयाचा हात धरून. स्तांदालचा ज्यूलियाँ सोरेल १८३० साली व बाल्झाकचा रास्तिन्याक १८३५ साली वाचकांपुढे आला. एक लाकूड कापणाऱ्याचा मुलगा, तर दुसरा खालावलेल्या खानदानातला. जन्माने मिळणाऱ्या दर्जाची भिंत क्रांतीने खिळखिळी केली होती आणि तिच्या जागी पैशाची भिंत उभी राहत होती. त्या दोन भिंतींच्या फटीतून हे दोन तरुण आत शिरू पाहत होते. मराठी कथात्म वाङ्मयात मात्र गरीब माणूस फार काळ दोनच रूपांत वावरला. एक तर तो सोसत राहिला, नाही तर त्याने बंड केले. अण्णा भाऊ साठे यांचा फकिरा (१९५९) बंड करतो. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधील कौतिक या दोहोंच्या मधली आहे. तिला संसार वर काढावयाचा आहे, पोरांना शिकवावयाचे आहे, आणि परिस्थिती व नवऱ्याचे दुबळेपण तिला एकेक पायरी खाली ढकलत नेतात. कौतिकच्या या धडपडीला वाचक जिद्द म्हणतो. महत्त्वाकांक्षा हा शब्द त्याच्या ओठांवर येत नाही. तो शब्द मध्यमवर्गाने स्वतःपुरता राखून ठेवला होता. वकिलाच्या मुलाने डॉक्टर व्हावयाचे ठरविले तर तो महत्त्वाकांक्षी, आणि शिंप्याच्या बायकोने पोराला शाळेत धाडले तर ती सोशिक!

१९९१ नंतरच्या भारतीय कादंबरीत ही राखण मोडली. ड्रायव्हर, कारकून, मसाल्याच्या पुड्या बांधणारा छोटा दुकानदार, नोकरीसाठी खेटे घालणारा शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा हे सारे आता आपल्याला काय हवे ते उघडपणे सांगू लागले. हे वाङ्मय पुष्कळ अंशी इंग्रजीत लिहिले गेले, शहरातल्या वाचकाने ते चवीने वाचले आणि परदेशात त्याला पारितोषिके मिळाली. एवढ्यावरून त्याला भांडवलशाहीचे वाङ्मय म्हणून बाजूला सारण्याची सवय काही कार्यकर्त्यांना आहे. ती सवय महागात पडणारी आहे. कारण या कादंबऱ्यांतील नायक ज्या वस्तीतून येतात, त्याच वस्तीत समाजवादी कार्यकर्ता पन्नास वर्षे पत्रके वाटीत आला. त्याच्या पत्रकाचे पुढे काय झाले, हे या पुस्तकांत वाचावयास मिळते.

अरविंद अडिगा यांची 'द व्हाइट टायगर' २००८ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक लाभले. गयेच्या परिसरातील एका खेड्यात रिक्षा ओढणाऱ्याच्या पोटी जन्मलेला बलराम हलवाई हा तिचा निवेदक. शाळेत हुशार म्हणून निरीक्षकाने वाखाणलेला हा मुलगा बहिणीच्या लग्नाच्या कर्जापायी शाळेतून काढला जातो व चहाच्या दुकानात कोळसे फोडू लागतो. बाप क्षयाने, डॉक्टर नसलेल्या सरकारी दवाखान्याच्या फरशीवर मरतो. पुढे बलराम जमीनदाराच्या मुलाचा ड्रायव्हर होऊन दिल्लीशेजारच्या गुडगावला येतो. एका रात्री मालकीण दारूच्या नशेत गाडी हाकते व रस्त्यावरच्या कोणाला चिरडते. दुसऱ्या दिवशी घरचा वकील कागद पुढे करतो आणि गुन्हा आपणच केला असे बलरामकडून लिहून घेतो. ते प्रकरण पुढे दबते, कारण मेलेल्याची तक्रार करावयास कोणी येत नाही. पण त्या कागदावर सही करून घेताना मालकाचे कुटुंब बलरामशी फार प्रेमाने वागते, त्याला घरच्यासारखा म्हणते. ही दोन-तीन पाने मजूर-कायद्याच्या एखाद्या अभ्यासवर्गात वाचून दाखवावीत अशी आहेत. नोकर कुटुंबातला मानला गेला की त्याचे हक्क कसे संपतात, हे त्याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

अखेर बलराम मालकाचा खून करतो, पुढाऱ्यांना लाच देण्यासाठी गाडीत ठेवलेले सात लाख रुपये घेऊन बंगळूरला पळतो आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचा धंदा काढतो. धंद्यात पाऊल रोवण्यासाठी तोही पोलिसांना पैसे चारतो. आपल्या खुनाचा सूड म्हणून गावाकडची सारी माणसे, लहान मुलांसह, मारली गेली असतील हे त्याला ठाऊक आहे. तो हिशेब त्याने आधीच मांडलेला आहे.

या कादंबरीत एक पुढारी आहे. त्याला सारे 'थोर समाजवादी' म्हणतात. तो गरिबांच्या नावाने निवडून येतो, जमीनदारांकडून थैल्या घेतो, आणि त्याच्या राज्यात मते ठोकीने विकली जातात. चहावाला आपल्या पोऱ्यांची मते विकतो. बलरामचे वय मतदानापुरते कागदावर वाढविले जाते, आणि स्वतःचे मत स्वतः द्यावयास निघालेला एक रिक्षावाला मतदानकेंद्रापाशी मरेपर्यंत मार खातो. हे विडंबन वाचून अनेक समाजवाद्यांना राग आला असेल. राग येण्याजोगे ते आहेच. लोहियांच्या विचाराने उत्तरेतल्या मागास जातींना जे राजकीय बळ दिले, त्याची नोंद अडिगा घेत नाहीत. पण 'समाजवादी' ही उपाधी खेड्यातल्या पोराच्या कानावर प्रथम कोणाच्या नावामागे आली, हा प्रश्न कादंबरीकाराने लादलेला नाही. तो त्याला तयार मिळाला.

अडिगांवरचा खरा आक्षेप निराळा आहे. बलरामच्या गुडगावात मालांच्या आणि इमारतींच्या खाली शेकडो ड्रायव्हर एकत्र बसलेले असतात, गुन्ह्यांच्या कथांची स्वस्त साप्ताहिके वाचतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. कोंबड्यांनी खच्चून भरलेल्या खुराड्यासारखी त्यांची अवस्था आहे आणि खुराड्यातली कोंबडी दुसरीला बाहेर पडू देत नाही, असे बलरामचे तत्त्वज्ञान. त्यांच्यातून संघटना निघू शकेल ही शक्यता कादंबरीला शिवत नाही. आता वस्तुस्थिती पाहावी. २५ जुलै २००५ रोजी याच गुडगावात होंडाच्या दुचाकी-कारखान्यातील कामगारांवर पोलिसांनी केलेला अमानुष लाठीहल्ला दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाने पाहिला. ते कामगार संघटना बांधण्याच्या हक्कासाठी झगडत होते. बलराम जी गाडी चालवतो तीही होंडाचीच. पुढे २०११ साली जवळच्याच मानेसरला मारुतीच्या कारखान्यात स्वतंत्र संघटनेसाठी संप झाले, आणि त्यांत कायम व कंत्राटी कामगार एकत्र उभे राहिले. अर्थात २००८ च्या पुस्तकाला २०११ चा जाब विचारता येत नाही. पण २००५ चा विचारता येतो. लेखकाच्या खिडकीतून तळघरातले ड्रायव्हर दिसतात आणि महामार्गापलीकडचा कामगार दिसत नाही, ही त्या खिडकीची दिशा आहे. खूनच का, असे विचारले की बलराम सांगतो, दुसरा मार्ग नव्हता. दुसरा मार्ग होता व त्यावर डोकी फुटत होती.

तथापि एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. त्या मार्गावर गेलेल्या कामगारांचे काय झाले तेही बलरामच्या जातीचा हिशेबी माणूस पाहत असतो. १८ जुलै २०१२ रोजी मारुतीच्या मानेसर कारखान्यात हिंसाचार झाला, एक अधिकारी मृत्यू पावला, शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि २०१७ साली तेरा जणांना जन्मठेप झाली. एकट्याची शिडी आणि सर्वांचा जिना यांतून निवड करताना माणूस दोन्हींच्या पायऱ्या मोजतो. जिन्याच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत हे लपवून त्याला जिन्याकडे बोलावता येत नाही.

मनु जोसेफ यांच्या 'सीरियस मेन' (२०१०) या कादंबरीचा नायक मुंबईतला, वरळीच्या बी. डी. डी. चाळीत राहणारा. अय्यन मणी हा दलित कारकून एका मोठ्या विज्ञानसंस्थेत संचालकाचा स्वीय सहायक आहे. संस्थेतील शास्त्रज्ञ बहुतेक ब्राह्मण; विश्वाच्या आरंभावर त्यांचे वाद चालतात आणि अय्यन त्यांचे कागद चोरून वाचतो. त्याला एक मुलगा आहे, दहा वर्षांचा, एका कानाने कमी ऐकणारा. हा मुलगा अलौकिक बुद्धिमत्तेचा आहे अशी कंडी बाप पिकवतो, पढविलेली प्रश्नोत्तरे त्याच्या तोंडी घालतो, वर्तमानपत्रांत छापून आणतो. लबाडी वाढत जाते, तसतसे वाचकाला हसू येते आणि त्या हसण्याची लाजही वाटू लागते. कारण ही लबाडी ज्या गोष्टीची नक्कल आहे ती गोष्ट पांढरपेशा घरांत खरी मानली जाते. शिकवण्या, शिफारशी, घरातली पुस्तके, इंग्रजी बोलणारी आजी या साऱ्यांच्या बळावर पुढे आलेला मुलगा तेथे 'मुळातच बुद्धिमान' ठरतो. अय्यन तीच बुद्धिमत्ता बाजारभावाने विकत घेऊ पाहतो, एवढेच.

बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात मुंबईच्या विकास खात्याने बांधल्या. एकशे साठ चौरस फुटांची एक खोली, सामायिक संडास, लांबच लांब व्हरांडे. या चाळींचा इतिहास साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली, आणि त्यानंतर निघालेल्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. त्या दिवसांत या व्हरांड्यांतून ज्या तरुणांनी मुठी उगारल्या, अय्यन मणी त्यांच्या पुढच्या पिढीचा. त्याच्या बेतात त्या मुठींना जागा नाही. कादंबरीच्या अखेरीस संतप्त जमाव येतो, पण तोही अय्यनच्या डावातला एक मोहरा म्हणून. जोसेफ यांची लेखणी उपरोधाने कोणालाच सोडीत नाही, ब्राह्मण शास्त्रज्ञालाही नाही आणि दलित पुढाऱ्यालाही नाही. या समदर्शी उपरोधात एक अन्याय आहे: ज्याच्याकडे उपरोधाखेरीज सारे काही आहे आणि ज्याच्याकडे उपरोधाखेरीज काहीच नाही, ते दोघे एका मापाने मोजले जातात. तरीही अय्यनचा बुद्धीचा कस, त्याचा संताप, आणि मुलाने या खोलीत म्हातारे होऊ नये ही त्याची आच खरी उतरली आहे.

मराठीकडे वळले की सूर बदलतो. येथे चढणारा माणूस क्वचित चढतो. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तिच्यातला एकनाथ शेतकऱ्याचा मुलगा, चांगला शिकलेला. त्याला शिक्षकाची नोकरी हवी आहे, आणि नोकरीसाठी संस्थाचालकाला द्यावयाचे पैसे घरात नाहीत. मग तो शेतावर परततो, जे शेत सोडून जाण्यासाठीच त्याला शिकविले होते. त्याची बायको अलका शहरी वळणाची. नोकरदाराची पत्नी व्हावयास आलेली ही मुलगी शेतकऱ्याची सून होऊन राहते, आणि तिची घुसमट घर फोडते. अलकेला दोष देऊन मोकळे होणे पुरुष वाचकाला सोपे जाते. पण अलका जे मागते, म्हणजे महिन्याला ठरलेला पगार, पाण्याचा नळ, दिवसाला काही आकार, ते कोणत्या कार्यक्रमपत्रिकेत नसते? आणि ती पैसे मागणारी संस्था कोणाची? कादंबरी एका संस्थेपुरते बोलते. महाराष्ट्रात शिक्षणाचे जाळे खेडोपाडी नेले ते बहुजन समाजाच्या, सत्यशोधकी व समाजवादी प्रेरणेच्या माणसांनी. त्याच जाळ्यात पुढे नोकऱ्यांचा भाव फुटू लागला तेव्हा पुरोगामी व्यासपीठांवरून त्याविरुद्ध जेवढा आवाज उठावयास हवा होता तेवढा उठला नाही. भाव घेणारे पुष्कळदा त्याच व्यासपीठाला वर्गणी देत होते.

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक असल्याने कादंबरीच्या चर्चेत ते आडवाटेने येते, पण त्याला टाळून गिरणगावाबद्दल बोलता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप विस्कटल्यानंतरचे हे धुरी कुटुंब. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एकाचे चित्त क्रिकेटमध्ये, एक टोळीत जातो. तिघांनाही वर जावयाचे आहे, आणि गिरणीत जाणे हा मार्ग आता कोणापुढेच नाही. गिरणीकामगार बापाच्या पिढीला महत्त्वाकांक्षेची निराळी गरज नव्हती. संप, बोनस, पोराला गिरणीत चिकटविणे, गावाकडे चार खण वाढविणे यांतूनच ती भागत होती. जिना पडला तेव्हा पोरांच्या हाती तीन वेगवेगळ्या दोरखंडांची टोके आली, आणि त्यांतला टोळीचा दोर सर्वांत जवळ लोंबत होता.

येथे चळवळीच्या स्वतःच्या मनोभूमीकडे पाहणे भाग आहे. महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्याच्या दोन-तीन पिढ्या 'श्यामची आई'वर वाढल्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील गरिबी लाजिरवाणी नाही. ती माणसाला उंच करते. पण श्यामचे घराणे मूळचे खोताचे, वैभवातून उतरलेले होते. अन्न गेले तरी अक्षर, पूजा, शेजारच्या आदराचा उरलासुरला अंश घरात शिल्लक होता. अशा घरात गरिबी हा सत्त्वपरीक्षेचा काळ ठरू शकतो. अय्यन मणीच्या आजोबांजवळ गमावण्यासारखे वैभव कधी नव्हतेच, आणि शेजाऱ्यांचा आदर तर मुळीच नाही. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणाऱ्या गुरुजींना हा भेद कळत होता. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र साधेपणा ही कार्यकर्त्याची अट ठेवता ठेवता ती गरिबाचीही अट करून टाकली. खादीचा सदरा स्वखुशीने घालणारा प्राध्यापक, टेरिलीनच्या शर्टासाठी पैसे साठविणाऱ्या कामगाराला चंगळवादावर प्रवचन देऊ लागला! प्राध्यापकांचा मुलगा तोवर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागला होता, ही गोष्ट कामगाराच्या नजरेतून सुटली नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने ही चूक केली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत, स्वच्छ कसे राहावे हे सांगितले, आणि जातीची खूण अंगावर वागवू नका असे बजावले. वर पाहणे, चांगले नेसणे, शिकणे, शहर गाठणे यांत त्यांना मोह दिसला नाही. ती त्यांनी साऱ्या समाजाची एकत्र करावयाची कृती मानली. आजच्या कादंबरीतला नायक या कृतीतला 'वर' तेवढा ठेवतो व 'एकत्र' सोडून देतो. तो असे का करतो याचे उत्तर नायकाच्या स्वभावात शोधणारे समीक्षक पुष्कळ आहेत. ज्या संघटनांनी 'एकत्र' ठेवून 'वर' सोडून दिले त्यांच्यात ते शोधावयाचे काम अजून व्हावयाचे आहे.

चढून गेलेल्यांचे काय होते, हे विवेक शानभाग यांच्या 'घाचर घोचर' या लहानशा कन्नड कादंबरीत (२०१३) पाहावे. बंगळूरचे एक कुटुंब; बाप फिरता विक्रेता, घरात मुंग्यांचा सुळसुळाट, प्रत्येक खर्चाची चर्चा सर्वांनी मिळून करावयाची. काका मसाल्याचा धंदा काढतो, पैसा येतो, मोठे घर होते. मग घरातली एकी तीच राहते, पण तिचे काम बदलते: आता ती पैशाच्या धन्याला सांभाळण्यासाठी बाहेरच्या माणसावर धावून जाते. काकाला शोधीत दारात आलेल्या एका बाईला घरच्या बायका ज्या तऱ्हेने हाकलून लावतात, तो प्रसंग वाचून सुन्न व्हावयास होते. अडिगांचा आवाज चढा, शानभागांचा कुजबुजता. आणि कुजबुजच अधिक काळ कानात राहते.

अडिगांचीच 'लास्ट मॅन इन टॉवर' (२०११) ही कादंबरी 'व्हाइट टायगर'पेक्षा कमी गाजली आणि कार्यकर्त्याने वाचावी ती मात्र हीच. सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोला भागात विश्राम सोसायटी नावाची जुनी इमारत आहे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान कुटुंबे तेथे अनेक वर्षे एकमेकांच्या आजारपणात धावून जात राहिली आहेत. धर्मेन शहा नावाचा बांधकाम व्यावसायिक येतो व प्रत्येक घराला, त्यांनी जन्मात पाहिली नसेल एवढी रक्कम देऊ करतो. अट एकच, सर्वांनी ठरलेल्या तारखेच्या आत होकार द्यावा. निवृत्त शिक्षक मास्टरजी नकार देतात. आरंभी इतरही नकार देणारे असतात. ते एकेक करून गळतात. शेवटी शेजाऱ्यांच्याच हातून मास्टरजींचा जीव जातो. मारणाऱ्यांत मतिमंद मुलाला जिवापाड जपणारी आई आहे. त्या मुलाच्या उद्यासाठी तिला पैसे हवे आहेत. या कादंबरीत राक्षस कोणी नाही. शहाही राक्षस नाही. माणसाला काय हवे असते ते तो सर्वांत नीट जाणतो.

इमारतीत श्रीमती रेगो राहतात. त्या डाव्या विचारांच्या, झोपडपट्टीतल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या, दोन मुलांना एकटीने वाढविणाऱ्या. बांधकाम-व्यावसायिकांविरुद्ध त्यांनी आयुष्यभर भाषणे केली आहेत. प्रथम त्या मास्टरजींच्या बाजूला असतात. त्यांना विकत घेण्यासाठी शहाला फारसे काही करावे लागत नाही. वांद्र्याला चांगल्या घरात आपणही राहावे, मुलांना ते दिवस दिसावेत, ही इच्छा त्यांच्या मनात कधीची होती, आणि आपल्या विचारांच्या माणसांत ती बोलून दाखविण्याची सोय नव्हती. कोणापाशी बोलली असती तर तिच्यावर काही तोड निघाली असती, निदान तिच्याशी भांडता आले असते. न बोललेली इच्छा शहाने ऐकली. विशेष असे की, अजवानी नावाचा जमिनीचा दलाल, जो या व्यवहारात पहिल्यापासून शहाच्या बाजूने राबत होता, तो खुनाची वेळ येताच मागे सरतो. पैसा मला हवा आहे हे अजवानी आयुष्यभर मोठ्याने सांगत आला होता. त्यापलीकडे आपण काय करणार नाही, हेही मग त्याला सांगता आले.